दोन ते आठ अंश: हिंजवडीत तयार झालेल्या एका आरएनए लशीचं प्रकरण

डिसेंबर २०२० मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत एमआरएनए लस, म्हणजे विषाणूचं प्रथिन बनवण्याचा संकेत पेशीला देणारी लस, टोचायला सुरुवात झाली, आणि आपल्याकडच्या बातम्यांत एक आकडा सारखा दिसू लागला: उणे ७० अंश सेल्सिअस. फायझरची लस एवढ्या थंडीत ठेवावी लागत होती. मॉडर्नाची लस उणे २० अंशांवर टिकत होती. आपला सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम मात्र मुख्यतः अधिक २ ते अधिक ८ अंशांवर चालतो. राज्याच्या भांडारापासून उपकेंद्रापर्यंतची माणसं, पेट्या, नोंदवह्या, सगळं त्याच पट्ट्यात बसवलेलं आहे. उणे ७० अंशांचं यंत्र या साखळीत कुठेच बसत नव्हतं.

त्याच महिन्यात पुण्यात हिंजवडीच्या जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सला स्वतःच्या एमआरएनए लशीची पहिल्या टप्प्यातली मानवी चाचणी करायला परवानगी मिळाली. जेनोव्हा ही एमक्युअर समूहातली कंपनी. पैशाचा काही भार केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने उचलला होता, तर तंत्रज्ञानातली भागीदार होती सिअॅटलची एचडीटी बायो. लशीचं तेव्हाचं नाव एचजीसीओ-१९. पुढे ती जेमकोव्हॅक-१९ या नावाने ओळखली गेली आणि जून २०२२ च्या अखेरीस तिला १८ वर्षांवरच्या लोकांसाठी आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. २८ दिवसांच्या अंतराने दोन डोस, आणि ठेवायचं तापमान २ ते ८ अंश.

‘भारताची पहिली एमआरएनए लस’ अशी तिची बातमी झाली. त्या पहिलेपणाचा अभिमान मलाही आहे. पण हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटतं ते शेवटच्या आकड्यामुळे. लस कोणत्या फ्रिजमध्ये राहणार आहे आणि ती कोणाच्या हातून टोचली जाणार आहे, हा विचार इथे प्रयोगशाळेत नॅनोकणाची, म्हणजे आरएनए पेशीत नेणाऱ्या अतिसूक्ष्म कणाची, रचना निवडतानाच झालेला दिसतो. आपल्याकडच्या जैवतंत्रज्ञानाच्या चर्चेत तो सहसा शेवटी होतो, किंवा होतच नाही.

ज्या खोलीसाठी लस करायची होती ती खोली

भोर, वेल्हे, मुळशी या भागातल्या कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात लशीची खोली साधारण सारखीच असते. एक आयएलआर, म्हणजे बर्फाच्या आवरणाचा, वरून उघडणारा फ्रिज. वीज गेली तरी आतला बर्फ काही तास तापमान धरून ठेवतो, आणि घाटाखालच्या गावांत पावसाळ्यात तो बर्फच कामाला येतो. शेजारी छोटा डीप फ्रीझर, तोही मुख्यतः आइसपॅक गोठवण्यासाठी. आयएलआरच्या आत थर्मामीटर, वर नोंदीचा कागद. सकाळ-संध्याकाळ तापमान बघायचं, लिहायचं, सही करायची. सुट्टीच्या दिवशीही.

बाहेरगावच्या सत्राला निघण्याआधी सिस्टर आइसपॅक काढून टेबलावर मांडतात. ते लगेच कॅरिअरमध्ये घालत नाहीत. वरचं दव निथळू देतात, मग एकेक पॅक कानाशी धरून हलवतात. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की तो पॅक तयार. असे चार पॅक कॅरिअरच्या चार बाजूंना लागतात आणि मध्ये लशी बसतात. एवढी काळजी अशासाठी, की पेंटाव्हॅलंट, टीडी, हिपॅटायटिस बी या लशी गोठल्या की वाया गेल्या. त्यांत अॅल्युमिनियमचा क्षार असतो. गोठल्यावर त्याच्या गुठळ्या होतात आणि लशीचा जोर जातो. म्हणजे लस गोठू द्यायची नाही हेच आपल्या साखळीतल्या माणसांना वर्षानुवर्षं शिकवलं आहे. त्यांच्या हाती उणे ७० अंशांची लस देणं म्हणजे नुसतं एक महागडं यंत्र वाढवणं नव्हतं. अंगवळणी पडलेल्या सगळ्या सवयी उलट्या फिरवाव्या लागल्या असत्या.

याच सिस्टरांना एक गोष्ट मात्र पक्की येते. बीसीजी आणि गोवर-रुबेला या लशी वाळवलेल्या पुडीच्या रूपात येतात. सोबत आलेला द्रव कुपीत सोडायचा, अलगद फिरवून पूड विरघळवायची, कुपीवर वेळ लिहायची आणि ४ तासांत वापरायची. उरलेली टाकून द्यायची. देशातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात हे काम होतं. पुण्याला तर वाळवलेल्या लशींचा मोठा वारसा आहे. १९६६ मध्ये सुरू झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटने गोवराची लस जगभर पाठवली ती याच रूपात.

तेव्हा प्रश्न असा उभा राहतो: आरएनए लस वाळवून देता येईल का?

कण कसा निवडला

आरएनए नाजूक का असतो याचं उत्तर एका छोट्या रासायनिक गटात आहे. डीएनएच्या साखरेत नसलेला एक हायड्रॉक्सिल गट आरएनएच्या साखरेत असतो. पाण्याच्या सान्निध्यात हाच गट शेजारच्या फॉस्फेट दुव्यावर चालून जातो आणि साखळी तुटते. जितकी उष्णता जास्त, तितकी तुटण्याची क्रिया जलद. उणे ७० अंशांची थंडी या क्रियेला जवळजवळ थांबवते. दुसरा मार्ग म्हणजे पाणीच काढून टाकायचं. गोठवून, निर्वातात बर्फाची थेट वाफ करून घ्यायची. औषधांच्या कारखान्यात याला लायोफिलायझेशन म्हणतात. कुपीच्या तळाशी उरते ती पांढरी, सच्छिद्र चकती. तिला तिथले लोक केक म्हणतात. केक अख्खा उभा आहे की खचला आहे, हे नुसत्या डोळ्यांनी पाहूनच बॅचबद्दल बरंच काही कळतं.

अडचण अशी की नुसता आरएनए टोचून उपयोग नाही. पेशीत शिरायला त्याला वाहन लागतं. फायझर आणि मॉडर्नाने वापरलेलं वाहन म्हणजे मेदाचा नॅनोकण. चार प्रकारचे मेद, साधारण ८० ते १०० नॅनोमीटरचा व्यास, आणि आरएनए आत बंदिस्त. हा कण पेशीत छान शिरतो. पण गोठताना त्याच्याभोवती बर्फाचे स्फटिक वाढतात, कण एकमेकांवर दाबले जातात, फुटतात किंवा एकमेकांत मिसळून मोठे होतात. सुक्रोज किंवा ट्रेहॅलोजसारखी साखर घालून ते काही प्रमाणात सावरता येतं. तरीही २०२० मध्ये घाईने बाजारात आलेल्या त्या लशी गोठवलेल्या द्रवाच्या रूपातच आल्या.

सिअॅटलच्या गटाची रचना वेगळी होती. मध्यभागी स्क्वालीन नावाच्या तेलाचा सूक्ष्म थेंब, त्याच्या पृष्ठभागावर धनभारित मेद. आरएनएच्या फॉस्फेटवर ऋणभार असतो, त्यामुळे तो थेंबाला बाहेरून चिकटतो. फायझरच्या कणातला आरएनए करंजीतल्या सारणासारखा आत, तर इथे अनारशाच्या खसखशीसारखा वर. स्क्वालीन लशींना नवखं नाही. फ्लूच्या एका लशीत ते १९९७ पासून युरोपात वापरलं जात आहे, आणि आपल्या त्वचेच्या तेलातही ते असतं. सिअॅटलच्या मूळ रचनेत तेलाच्या गाभ्यात लोह ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कणही होते, आणि माकडांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष २०२० मध्येच प्रसिद्ध झाले होते.

आरएनए बाहेर बसवल्याने काय साधलं? थेंब आणि आरएनए वेगवेगळे तयार करता येतात आणि नंतर साधं मिसळून जोडता येतात. आरएनए आत कोंडण्यासाठी लागणारी सूक्ष्म नलिकांची यंत्रणा आणि खास आयनक्षम मेद यांच्यावाचून काम चालतं. ते मेद २०२१ मध्ये जगभर दुर्मिळ होते आणि त्यांचे हक्क मोजक्या कंपन्यांकडे होते. म्हणून मला ही निवड केवळ शास्त्रीय वाटत नाही. पुरवठ्याचा हिशेबही तिच्यात बसतो.

दुसरी निवड आरएनएच्या प्रकाराची. जेमकोव्हॅकचा आरएनए स्वतःच्या प्रती स्वतः काढणारा आहे. अल्फाव्हायरस गटातल्या विषाणूंकडे आपल्या आरएनएच्या प्रती काढणारी प्रथिनं असतात. त्या प्रथिनांचा संकेत लशीच्या आरएनएत घातलेला असतो. पेशीत गेल्यावर आधी ही प्रथिनं तयार होतात, मग ती आरएनएच्या प्रती काढतात आणि त्या प्रतींवरून करोना विषाणूचं काटेरी प्रथिन तयार होतं. नवा विषाणू तयार होत नाही, कारण कवचाचे संकेत काढून टाकलेले असतात. फायदा डोसात दिसतो. फायझरचा डोस ३० मायक्रोग्रॅमचा, मॉडर्नाचा १०० चा. जेमकोव्हॅकचा १० चा. आरएनए बनवण्याची क्षमता मर्यादित असलेल्या देशात तेवढ्याच बॅचमधून जास्त माणसांना पुरेल एवढी लस निघणं ही छोटी गोष्ट नाही.

मात्र याची किंमत मोजावी लागते, आणि ती लांबीत. काटेरी प्रथिनाच्या संकेताला सुमारे ३८०० अक्षरं लागतात. साधा एमआरएनए त्याहून थोडाच लांब असतो. प्रती काढणाऱ्या प्रथिनांचे संकेत जोडले की ही लांबी १० हजारांच्या पुढे जाते. साखळीत कुठेही एक दुवा तुटला की पुढची नक्कल थांबते. म्हणजे लांब आरएनए जास्त नाजूक, आणि म्हणून त्याला वाळवण्याची गरजही जास्त. जेमकोव्हॅक येते ती वाळवलेल्या पुडीच्याच रूपात. मला या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. कमी डोस हवा म्हणून लांब आरएनए, लांब आरएनए टिकावा म्हणून वाळवणं, आणि वाळवलेली पूड हाताळण्याची सवय आरोग्य केंद्रात आधीपासून. तिन्ही निर्णय एकमेकांना धरून उभे आहेत. एक काढला तर बाकीचे डळमळतात.

चाचणीने काय सांगितलं

दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याची परवानगी ऑगस्ट २०२१ मध्ये मिळाली. सुमारे ४ हजार स्वयंसेवक, आणि तुलनेला कोव्हिशील्ड. दोन्ही लशी पुण्याच्याच: एक मांजरीच्या सीरमची, एक हिंजवडीची. तोवर देशात लसीकरण जोरात सुरू होतं, त्यामुळे कोणाला नुसतं मीठपाणी टोचून आजार होतो का याची वाट पाहणं नैतिकदृष्ट्या शक्य नव्हतं. म्हणून मोजमाप झालं ते प्रतिपिंडांचं. कोव्हिशील्डच्या तोडीस तोड प्रतिपिंडं तयार होतात का, आणि लस सुरक्षित आहे का, हे दोन मुख्य प्रश्न. दोन्हींची उत्तरं समाधानकारक आली.

ही पद्धत जगमान्य आहे, पण तिची मर्यादा ओळखून ठेवायला हवी. ‘ही लस इतके टक्के आजार टाळते’ असं विधान या चाचणीवरून करता येत नाही. प्रतिपिंडांची पातळी हा पुरावा आहे, आणि तो कोव्हिशील्डच्या सिद्ध झालेल्या परिणामाला टेकून उभा आहे. शालेय कार्यक्रमांत आणि भाषणांत हा फरक बऱ्याचदा पुसला जातो, आणि मग कोणी टक्केवारी विचारली की सांगणारा गोंधळतो.

दुसरी आवृत्ती, जेमकोव्हॅक-ओम, ओमायक्रॉनसाठी होती. काटेरी प्रथिनाचा संकेत बदलायचा, बाकीचा आरएनए तोच, थेंब तोच, वाळवण्याची रीत तीच. आरएनए लशीचं मोठं बळ म्हणतात ते हेच. जून २०२३ मध्ये तिला आपत्कालीन परवानगी मिळाली आणि २४ जूनला केंद्रीय मंत्री जितेंद्र सिंह यांच्या हस्ते तिचं अनावरण झालं. ३१४० स्वयंसेवकांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये छापून आले. आधी कोव्हिशील्ड किंवा कोव्हॅक्सिनचे दोन डोस घेतलेल्यांना बूस्टर म्हणून दिल्यावर ओमायक्रॉनविरुद्धची प्रतिपिंडं कोव्हिशील्डच्या बूस्टरपेक्षा जास्त आढळली.

जेमकोव्हॅक-ओम सुईने देत नाहीत. फार्माजेटच्या ट्रॉपिस या साधनाने द्रवाची बारीक धार त्वचेच्या थरात सोडली जाते. त्वचेत प्रतिकारयंत्रणेच्या पहारेकरी पेशी भरपूर असतात, त्यामुळे शास्त्राच्या अंगाने हे योग्यच. त्वचेत सुईने टोचणं हे कौशल्याचं काम असतं. बीसीजी देताना छोटा फोड उठला नाही तर लस खाली गेली असं समजतात. साधनाने ती चूक टळते. तरीही या एका निवडीबद्दल माझं मन साशंक आहे. ज्या लशीने साठवणुकीत आरोग्य केंद्राच्या सवयी जपल्या, तिनेच टोचताना नवं साधन, त्याची वेगळी सिरिंज आणि वेगळं प्रशिक्षण आणलं. पुरवठ्यात एक वस्तू वाढली की ती संपण्याची शक्यताही वाढते, हे तालुक्याच्या औषध भांडारात काम केलेला कोणीही सांगेल.

उशीर

तारखा शेजारी ठेवल्या की चित्र कठोर दिसतं. १२ जानेवारी २०२१ रोजी पहाटे कोव्हिशील्डचे पहिले ट्रक पुण्यातून निघाले. १६ जानेवारीला देशात लसीकरण सुरू झालं. एप्रिल-मेमध्ये दुसरी लाट आली. पुण्यात ऑक्सिजनच्या खाटेसाठी लोक रात्रभर फोन लावत बसले होते. जेमकोव्हॅक-१९ ला परवानगी मिळाली ती जून २०२२ च्या शेवटी, आणि १७ जुलै २०२२ ला देशाने २०० कोटी डोसांचा टप्पा ओलांडला. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ ला आंतरराष्ट्रीय आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. ओमायक्रॉनची आवृत्ती त्यानंतर आली. ज्या खोलीसाठी ही लस घडवली, त्या खोलीत तिची वाट पाहणारी रांग तोवर ओसरली होती.

उशिराबद्दल कंपनीला बोल लावणं सोपं आहे. मला ते न्याय्य वाटत नाही. २०२० च्या सुरुवातीला या देशात एमआरएनए लशीचं व्यावसायिक उत्पादन करण्याचा अनुभवच कोणाकडे नव्हता. साच्यावरून आरएनए लिहून घेणारं एन्झाइम, आरएनएची अक्षरं म्हणजे न्यूक्लिओटाइड, आरएनएच्या टोकाला टोपी चढवणारी रसायनं, शुद्धीकरणाचे स्तंभ: औषधाच्या दर्जाचा हा माल पुरवणारे जगात मोजके, आणि २०२१ मध्ये त्यांच्या दारात अख्खं जग उभं होतं. अमेरिकेच्या निर्यात-निर्बंधांमुळे सीरमचे प्रमुख अदर पूनावाला यांना एप्रिल २०२१ मध्ये थेट अमेरिकेच्या अध्यक्षांना जाहीर आवाहन करावं लागलं होतं. तेही एवढ्या मोठ्या कंपनीला. त्यात मार्च २०२२ मध्ये तंत्रज्ञानाच्या हक्कांवरून एचडीटी बायोने अमेरिकेच्या न्यायालयात एमक्युअरवर दावा लावला. महत्त्वाचा भाग परदेशातून घेऊन केलेल्या कामात अशी भांडणं होतात, आणि सरकारी पैसा लागलेला असेल तेव्हा करार किती पक्का आहे हे आधीच पाहणं सरकारचं काम आहे.

खरा उशीर २०२० च्या आधीचा आहे. कॅटलिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन या शास्त्रज्ञांचा, एमआरएनए लशींचा पाया ठरलेला, बदललेल्या न्यूक्लिओसाइडवरचा (म्हणजे आरएनएच्या घटकांवरचा) निबंध २००५ चा. पुढच्या १५ वर्षांत इतरत्र कंपन्या उभ्या राहिल्या, मेद घडवले गेले, कर्करोगाच्या आणि फ्लूच्या लशींच्या चाचण्या झाल्या. करोना आला तेव्हा त्यांच्याकडे माणसं आणि रीत तयार होती. आपल्याकडे पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बुरशीकडून नॅनोकण बनवून घेण्याचं काम या शतकाच्या सुरुवातीलाच गाजलं होतं. आघारकर संस्थेत चांदीच्या नॅनोकणांवर काम चाललं. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था तर १९५२ पासून इथे आहे. नॅनोकण जाणणारे पाषाणला, विषाणू जाणणारेही पुण्यातच, कुप्या भरणारे हडपसर-मांजरीला. या सगळ्यांना आरएनए लशीच्या एका कामावर आणणारा कार्यक्रम मात्र महामारी येईपर्यंत उभा राहिला नाही.

आता काय शिल्लक आहे

जपानने नोव्हेंबर २०२३ मध्ये स्वतःच्या प्रती काढणाऱ्या आरएनएच्या कोस्टाइव्ह या लशीला पूर्ण मान्यता दिली. तिचा डोस आहे ५ मायक्रोग्रॅम. आपत्कालीन परवानगी हिशेबात धरली तर या प्रकारच्या लशीत हिंजवडी आधी पोहोचली होती. पण पूर्ण मान्यता आणि नियमित बाजारपेठ जपानच्या बाजूला आहे, आणि पुढची पाच-दहा वर्षं तंत्रज्ञान टिकवायला तेच लागतं.

याला ताडून पाहायला पुण्यातलंच दुसरं उदाहरण आहे. सीरमने बनवलेली कोव्होव्हॅक्स ही नोव्हाव्हॅक्सच्या तंत्रज्ञानावरची प्रथिन-नॅनोकणांची लस. चिलीमधल्या क्विलाया झाडाच्या सालीतल्या सॅपोनिनपासून घडवलेले, सुमारे ४० नॅनोमीटरचे पिंजरे तिच्यात साहाय्यक, म्हणजे लशीचा परिणाम वाढवणारा घटक, म्हणून वापरले आहेत. त्यांना मॅट्रिक्स-एम म्हणतात. तिलाही भारतात परवानगी मिळाली ती डिसेंबर २०२१ च्या अखेरीस, म्हणजे बऱ्यापैकी उशिरा. पण मॅट्रिक्स-एम तिथेच थांबलं नाही. ऑक्सफर्डने आखलेल्या आणि सीरमने बनवलेल्या आर-२१ या मलेरियाच्या लशीत तेच साहाय्यक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने त्या लशीची शिफारस २ ऑक्टोबर २०२३ ला केली. त्याच दिवशी कारिको आणि वाइसमन यांचं नोबेल जाहीर झालं. जुलै २०२४ पासून आयव्हरी कोस्ट आणि दक्षिण सुदानमध्ये मुलांना आर-२१ टोचली जाऊ लागली. पुण्यातून निघणाऱ्या कुपीत नॅनोकण आहेत आणि त्यांना रोजचं काम आहे.

जेमकोव्हॅकच्या थेंबाला असं रोजचं काम मिळालेलं नाही, आणि या प्रकरणातली माझी चिंता तीच आहे. आरएनए वाळवण्याची रीत कागदावर पूर्ण उतरत नाही. बर्फ किती वेगाने गोठवायचा, निर्वात कधी वाढवायचा, केक खचू लागला तर काय बदलायचं, हे बॅचमागून बॅच करणाऱ्या माणसांकडे असतं. काम नसेल तर ती माणसं दुसऱ्या कंपनीत, दुसऱ्या शहरात जातात. जैवतंत्रज्ञान विभागाला आणि आरोग्य मंत्रालयाला इथे एक ठोस पाऊल उचलता येईल: दरवर्षी लागणारी एखादी लस, मग ती रेबीजची असो वा मोसमी फ्लूची, याच तंत्रज्ञानाच्या मंचावर विकसित करायला घ्यायची आणि चाचणीत उतरली तर ठरावीक डोस खरेदी करण्याची हमी आधीच लिहून द्यायची. सोबत एन्झाइम आणि न्यूक्लिओटाइड देशात बनवणाऱ्यांनाही तशीच हमी द्यायची. २०२१ मध्ये आपली वाट अडली ती बरीचशी या मालासाठी, आणि त्याची मागणी एका महामारीपुरती असेल तर तो कारखाना कोणी उभारणार नाही.